नवी मोटार लीजवर घेताना : मैलांचा हिशेब आधी, सही नंतर



आपल्या संस्थेच्या सभासदांची मुले-मुली उच्च शिक्षणासाठी आणि नोकरीसाठी परदेशी, विशेषतः अमेरिकेत, जाऊ लागली आहेत. ही आपणां सर्वांना समाधान देणारी बाब आहे. ज्या घरात आजोबांकडे एक जुनी सायकल होती आणि वडिलांनी पतपेढीचे कर्ज काढून स्कूटर घेतली, त्याच घरातील मुलगी आज तिकडे नव्या मोटारीच्या कागदांवर सही करते. परंतु ही सही करताना तिला सल्ला देणारे घरात कोणी नसते. आई-वडिलांना त्या व्यवहाराची माहिती नसते आणि शोरूममधला विक्रेता महिन्याचा हप्ता तेवढा ठळक करून सांगतो. तीन वर्षांनी गाडी परत करताना हजार-दोन हजार डॉलरचे बिल हातात पडते, तेव्हा करारातील मैलांचे कलम पहिल्यांदा वाचले जाते.

हे पैसे लहान नाहीत. अनेकदा त्याच पगारातून इकडचे शैक्षणिक कर्ज फेडायचे असते. त्या कर्जाला वडील जामीन असतात, काही ठिकाणी राहते घर तारण असते. म्हणून या स्मरणिकेच्या निमित्ताने लीजचा व्यवहार, त्यातील मैलांची मर्यादा आणि ती सांभाळण्याचे मार्ग सोप्या भाषेत मांडावेत असे आम्हांला वाटले. यासाठी लागणारे गणित शाळेतल्या बेरीज-गुणाकारापलीकडचे नाही.

१. लीज म्हणजे काय?

लीज म्हणजे मोटारीचा भाडेपट्टा. आपल्याकडे शेतजमीन खंडाने घेतात. जमीन मालकाचीच राहते, कसणारा ठरलेला खंड देतो आणि मुदत संपली की जमीन सोडतो. मोटारीच्या लीजमध्येही मालकी लीज कंपनीची राहते. आपण दरमहा ठरलेली रक्कम देऊन ठरलेल्या मुदतीपर्यंत, बहुधा ३६ महिने, गाडी वापरतो आणि नंतर परत करतो. विमा, पेट्रोल, देखभाल आणि वाहतुकीचे दंड हा खर्च मात्र वापरणाऱ्याचाच असतो.

खंडाची जमीन आणि लीजची मोटार यांत एक मोठा फरक आहे. जमीन नीट कसली तर तिची किंमत कमी होत नाही. मोटार मात्र चालवली की झिजते आणि जितकी जास्त चालते तितकी तिची किंमत उतरते. परत आलेली गाडी लीज कंपनीला पुढे जुनी गाडी म्हणून विकायची असते. ती किती चालावी हे कंपनी आधीच ठरवून घेते ते याच कारणाने.

२. 'माइलेज' या शब्दाचा घोटाळा

आपल्याकडे 'गाडी माइलेज किती देते?' असे विचारले की उत्तर मिळते, लिटरला वीस किलोमीटर. अमेरिकेतील लीजच्या कागदात माइलेज याचा अर्थ निराळा आहे. तेथे त्याचा अर्थ गाडीने कापलेले एकूण अंतर. हे अंतर दाखवणारे यंत्र म्हणजे डॅशबोर्डवरील ओडोमीटर. अंतर मैलांत मोजतात. १ मैल म्हणजे सुमारे १.६१ किलोमीटर, म्हणजेच १२,००० मैल हे सुमारे १९,३०० किलोमीटर होतात.

करारात वर्षाला साधारणपणे १०,०००, १२,००० किंवा १५,००० मैलांची मर्यादा असते. काही करारांत ती ७,५०० इतकीही कमी असते. मर्यादेपलीकडच्या प्रत्येक मैलास दंड असतो. तो बहुधा १० ते ३० सेंटच्या दरम्यान असतो, महागड्या गाड्यांना त्याहूनही अधिक. २० सेंट ऐकायला क्षुल्लक वाटतात. पण ५,००० मैल जास्त झाले तर त्याचे १,००० डॉलर होतात.

जाहिरातीत जो आकर्षक हप्ता छापलेला असतो, तो पुष्कळदा वर्षाला १०,००० मैल किंवा त्याहून कमी मर्यादेचा असतो. अमेरिकेच्या संघीय महामार्ग प्रशासनाच्या आकडेवारीनुसार तेथील वाहनचालक वर्षाला सरासरी सुमारे १३,५०० मैल गाडी चालवतो. सरासरी माणसाला जी मर्यादा पुरत नाही, तिच्यावरच जाहिरातीतला स्वस्त हप्ता उभा असतो, हे विद्यार्थ्यांनी ध्यानात ठेवावे.

३. हप्ता कसा ठरतो?

हप्त्याचे दोन भाग असतात. पहिला भाग घसाऱ्याचा आणि दुसरा व्याजाचा. एक उदाहरण घेऊ.

समजा, गाडीची छापील किंमत ३०,००० डॉलर आहे. घासाघीस करून ती २८,५०० डॉलरला ठरली. लीजवर घेतानाही किमतीची घासाघीस करता येते, हे अनेकांना माहीत नसते. तीन वर्षांनी, वर्षाला १२,००० मैल चालल्यावर, गाडीची किंमत छापील किमतीच्या ५८ टक्के, म्हणजे १७,४०० डॉलर राहील असे कंपनीने आधीच ठरवले आहे. या रकमेला तेथे 'रेसिड्युअल व्हॅल्यू' म्हणतात. आपण तिला अखेरची किंमत म्हणू.

ठरलेली किंमत २८,५००, वजा अखेरची किंमत १७,४००, म्हणजे घसारा ११,१०० डॉलर. त्याला ३६ महिन्यांनी भागले की महिन्याला ३०८ डॉलर ३३ सेंट येतात.

दुसरा भाग व्याजाचा. तो 'मनी फॅक्टर' नावाच्या एका लहानशा अपूर्णांकाने सांगतात, उदाहरणार्थ ०.००२५. हा आकडा पाहून व्याज नगण्य आहे असा समज होतो. वास्तविक त्याला २,४०० ने गुणले की वार्षिक व्याजदर मिळतो. येथे तो ६ टक्के आहे. ठरलेली किंमत आणि अखेरची किंमत यांची बेरीज ४५,९०० होते. तिला ०.००२५ ने गुणले की महिन्याचे व्याज ११४ डॉलर ७५ सेंट येते.

दोन्ही मिळून हप्ता सुमारे ४२३ डॉलर होतो. विक्रीकर आणि इतर शुल्के यांहून वेगळी.

अखेरची किंमत जितकी जास्त, तितका घसारा कमी आणि हप्ता कमी. मैलांची मर्यादा कमी घेतली की अखेरची किंमत वाढते आणि हप्ता उतरतो. म्हणजे कमी मर्यादेचा स्वस्त हप्ता ही सवलत नव्हे. आपण कमी मैल विकत घेतले एवढाच त्याचा अर्थ.

४. आपले मैल कसे मोजावेत?

गाडी पाहायला जाण्यापूर्वी घरी बसून कागदावर हा हिशेब करावा. उदाहरणादाखल न्यू जर्सीतील एडिसन येथे राहणारी, नुकतीच नोकरीला लागलेली एक मुलगी घेऊ.

तिचे कार्यालय घरापासून १८ मैल आहे. जाऊन-येऊन ३६ मैल. आठवड्याचे पाच दिवस आणि वर्षाचे ४८ आठवडे धरले तर ८,६४० मैल.

किराणा, दवाखाना, बँक, व्यायामशाळा यांसाठी आठवड्याला ४० मैल. ५२ आठवड्यांचे २,०८० मैल.

महिन्यातून एकदा मित्रमंडळींकडे किंवा एखाद्या कार्यक्रमाला, सरासरी १५० मैल. वर्षाचे १,८०० मैल.

वर्षातून एकदा नायगारा धबधबा पाहायला. एडिसनहून जाऊन-येऊन सुमारे ८०० मैल. आई-वडील भारतातून भेटीला आले की ही सहल ठरलेलीच असते.

एकूण १३,३२० मैल. तिने १२,००० मैलांचा करार केला तर दरवर्षी १,३२० आणि तीन वर्षांत ३,९६० मैल जास्त होतील. २० सेंट दराने दंड ७९२ डॉलर, २५ सेंट दराने ९९० डॉलर.

या हिशेबात बहुतेक जण कार्यालयाचे मैल बरोबर धरतात आणि बाकीचे विसरतात. आमच्या पाहण्यात मर्यादा मोडते ती रोजच्या वाटेने कमी आणि शनिवार-रविवारच्या फिरण्याने अधिक. म्हणून आलेल्या बेरजेत पाच-दहा टक्के भर घालून ठेवणे शहाणपणाचे. नोकरी बदलण्याचा किंवा घर बदलण्याचा विचार असेल तर नव्या अंतराचाही विचार करावा. आज १८ मैलांवर असलेले कार्यालय उद्या ३० मैलांवर गेले, तर तेवढ्यानेच वर्षाला ५,७६० मैल वाढतात.

५. बारा हजार की पंधरा हजार?

आता वरच्या मुलीने १५,००० मैलांचा करार घेतला असता तर काय झाले असते ते पाहू. समजा, मर्यादा वाढवल्यामुळे अखेरची किंमत छापील किमतीच्या ५८ टक्क्यांऐवजी ५६ टक्के धरली गेली. म्हणजे ती ६०० डॉलरने उतरली. घसारा तीन वर्षांत ६०० डॉलरने वाढला. व्याजाचा भाग महिन्याला दीड डॉलरने, म्हणजे तीन वर्षांत ५४ डॉलरने कमी झाला. एकूण जादा खर्च ५४६ डॉलर. त्या बदल्यात ९,००० मैल मिळाले. एका मैलाला सुमारे सहा सेंट पडले.

तिला ३,९६० मैल जास्त लागणार आहेत. दंड भरला तर ७९२ डॉलर, आधी घेतले तर ५४६ डॉलर. येथे आधी घेणे फायद्याचे ठरते.

मात्र सर्वांना हेच लागू पडेल असे नाही. ५४६ ला २० सेंटने भागले की २,७३० मैल येतात. तीन वर्षांत आपले जादा मैल २,७३० पेक्षा कमी होणार असतील, तर लहान मर्यादा घेऊन थोडा दंड भरणे स्वस्त. त्यापेक्षा जास्त होणार असतील तर मोठी मर्यादा घ्यावी. उरलेल्या मैलांचे पैसे सहसा परत मिळत नाहीत. काही करारांत जादा विकत घेतलेल्या मैलांपुरता परतावा असतो, पण तसे कलम लिहिलेले असले तरच. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे असतील. विक्रेत्याकडून दोन्ही मर्यादांचे हप्ते लेखी मागून घ्यावेत आणि वरीलप्रमाणे भागाकार स्वतः करावा.

६. गाडी घरी आल्यानंतर

गाडी ताब्यात घेताना ओडोमीटरचा आकडा पाहावा आणि तोच आकडा करारात लिहिला आहे याची खात्री करावी. नव्या गाडीवर थोडेफार मैल असतातच. पण शोरूमने लोकांना चालवायला दिलेली गाडी असेल तर तिच्यावर हजारो मैल असू शकतात. ते आपल्या खात्यावर पडता कामा नयेत.

त्यानंतर दरमहा पगाराच्या दिवशी ओडोमीटरचा आकडा वहीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवावा. १२,००० मैलांच्या करारात महिन्याला १,००० मैल हा मेळ धरावा. सहा महिने झाले की ६,०००, दहा महिने झाले की १०,०००. मर्यादा सहसा संपूर्ण मुदतीची एकत्रित मोजतात, त्यामुळे एखाद्या महिन्यात १,६०० मैल झाले म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पुढील महिन्यांत ते भरून निघतात. परंतु सहा महिन्यांच्या अखेरीस आकडा ७,५०० दिसत असेल, तर ही गती तीन वर्षांत ४५,००० वर नेईल आणि ९,००० मैलांचा दंड २० सेंटने १,८०० डॉलर होईल, हे तेव्हाच समजते. तेव्हा समजले तर हाताशी तीस महिने असतात. शेवटच्या महिन्यात समजले तर काहीच करता येत नाही.

मैल वाचवण्याचे काही मार्ग असे. एकाच दिशेला जाणाऱ्या दोघा-तिघांनी आळीपाळीने गाड्या काढाव्यात. जेथे रेल्वेची सोय आहे, जशी न्यू जर्सीहून न्यूयॉर्कला आहे, तेथे गाडी स्टेशनवर ठेवून रेल्वेने जावे. नवरा-बायकोपैकी एकाची गाडी लीजची आणि दुसऱ्याची स्वतःच्या मालकीची असेल, तर लांबच्या प्रवासाला मालकीची गाडी काढावी. लांब सहलीसाठी भाड्याची गाडी घ्यावी असेही सुचवले जाते. पण तेथेही हिशेब करावा. ८०० मैलांच्या सहलीचा दंड २० सेंटने १६० डॉलर होतो. त्याहून भाडे कमी असेल तरच त्यात बचत आहे. चार दिवसांचे भाडे सहसा जास्तच होते.

लीजच्या गाडीवर प्रवासी किंवा खाद्यपदार्थ पोहोचवण्याचे काम करून चार पैसे मिळवण्याचा मोह काहींना होतो. त्यात मैल वेगाने संपतात आणि अनेक करारांत व्यावसायिक वापरास मनाई असते. शिवाय विद्यार्थी व्हिसावर असताना परवानगीशिवाय असे काम करणे व्हिसाच्या नियमांचा भंग आहे. या वाटेला जाऊ नये.

७. मर्यादा ओलांडली जाणारच असेल तर

पहिला मार्ग, मुदत संपण्यापूर्वीच कंपनीकडे चौकशी करणे. काही कंपन्या मुदतीच्या मध्ये जादा मैल दंडापेक्षा कमी दराने विकतात. गाडी परत केल्यावर ही सोय राहत नाही.

दुसरा मार्ग, गाडी स्वतः विकत घेणे. बहुतेक करारांत अखेरची किंमत देऊन गाडी ठेवून घेण्याचा पर्याय असतो. तसे केल्यास जादा मैलांचा दंड सहसा लागत नाही, कारण झिजलेली गाडी आपल्याकडेच राहते. वरच्या उदाहरणात ४५,००० मैल झाले असतील, तर परत करताना दंड १,८०० डॉलर. त्या वेळी बाजारात गाडीची किंमत १७,००० आणि करारातली १७,४०० असेल, तर विकत घेण्यात तोटा ४०० डॉलरचा. त्यात विक्रीकर आणि नोंदणीचा खर्च मिळवून मग दोन्ही रकमा शेजारी ठेवाव्यात.

२०२१ आणि २०२२ साली तर उलटेच घडले. कोरोनाच्या साथीनंतर संगणकीय चिपच्या टंचाईमुळे नव्या गाड्या मिळेनात आणि जुन्या गाड्यांच्या किमती भडकल्या. ज्यांनी त्याआधी लीज घेतली होती, त्यांच्या करारातली अखेरची किंमत बाजारभावापेक्षा हजारो डॉलरने कमी ठरली. ज्यांनी बाजारभाव तपासला त्यांनी गाडी विकत घेतली आणि फायदा मिळवला. ज्यांनी न पाहता परत केली, त्यांचा फायदा कंपनीकडे गेला. गाडी परस्पर दुसऱ्या विक्रेत्याला विकण्यावर काही कंपन्यांनी २०२१ पासून निर्बंध घातले, ही गोष्टही करारात तपासावी.

ओडोमीटरचा आकडा मागे फिरवून देणारे लोक सर्वच देशांत भेटतात. अमेरिकेत १९७२ च्या संघीय कायद्याने हे बेकायदेशीर ठरवले आणि १९८६ च्या ट्रूथ इन माइलेज कायद्याने लीजच्या गाड्यांसाठीही आकड्याचे लेखी निवेदन आणले. त्यावर सही आपली असते. हा फौजदारी गुन्हा आहे आणि परदेशी नागरिकाला तो फार महाग पडू शकतो. काही शे डॉलर वाचवण्यासाठी आपली पदवी, नोकरी आणि व्हिसा पणाला लावू नये.

८. कराराची मुदत आणि व्हिसाची मुदत

हा मुद्दा स्थानिक सल्लागारांच्या ध्यानात येत नाही, म्हणून आम्ही तो मुद्दाम मांडतो. शिक्षण संपल्यावर विद्यार्थ्याला ओपीटीखाली १२ महिने काम करता येते. विज्ञान, तंत्रज्ञान, अभियांत्रिकी आणि गणित या शाखांना आणखी २४ महिने मिळू शकतात. एच-१बी व्हिसा एका वेळी जास्तीत जास्त तीन वर्षांचा मिळतो. नोकरी गेली तर २०१७ पासूनच्या नियमानुसार बहुधा ६० दिवसांपर्यंतची सवलत असते. तेवढ्यात नवी नोकरी मिळाली नाही तर देश सोडण्याची वेळ येते.

अशा स्थितीत ३६ महिन्यांच्या लीजचे २० महिने शिल्लक असतील तर काय? लीज मध्येच मोडणे सर्वांत महाग असते. उरलेल्या हप्त्यांचा मोठा भाग आणि शुल्के मिळून रक्कम हजारो डॉलरवर जाऊ शकते. करार दुसऱ्याच्या नावे करण्याची परवानगी काही कंपन्या देतात, काही देत नाहीत. परवानगी असली तरी नव्या माणसाने हप्ता चुकवल्यास काही करारांत मूळ माणसावर जबाबदारी येते.

म्हणून आमचे स्पष्ट मत असे की, ज्यांची नोकरी आणि व्हिसा यांची मुदत एक वर्षाचीच खात्रीची आहे, त्यांनी तीन वर्षांची लीज घेऊ नये. साधी, चांगल्या स्थितीतली जुनी गाडी घ्यावी. ती केव्हाही विकता येते आणि कितीही मैल चालवली तरी कोणी दंड मागत नाही. नवी गाडी ही प्रगतीची खूण वाटते, हे आम्ही जाणतो. पण ६० दिवसांत आवराआवर करावी लागली तर जुनी गाडी आठवड्यात विकून मोकळे होता येते.

९. कागद वाचताना

अमेरिकेच्या संसदेने १९७६ साली ग्राहक लीज कायदा केला. त्याखालील 'रेग्युलेशन एम' या नियमावलीप्रमाणे, वैयक्तिक वापरासाठी चार महिन्यांहून अधिक मुदतीच्या आणि ठरावीक रकमेपर्यंतच्या लीजमध्ये महत्त्वाच्या बाबी ग्राहकाला सही करण्यापूर्वी लेखी द्याव्या लागतात. सहीच्या वेळी द्यावयाची रक्कम, मासिक हप्ता, घसारा, व्याजाची रक्कम, अखेरची किंमत या गोष्टी त्यात असतात. मध्येच करार मोडल्यास मोठी रक्कम द्यावी लागू शकते असा इशारा असतो. जादा झीज आणि मैलांची मर्यादा यांचे कलमही तेथेच असते. विक्रेत्याने तोंडी '१५ हजार मैल' म्हटले आणि त्या कलमात १० हजार लिहिले असेल, तर १० हजारच खरे धरले जातात.

व्याजाची एकूण रक्कम दाखवावी लागते, पण व्याजाचा दर दाखवण्याची सक्ती नाही. म्हणून मनी फॅक्टर आपण होऊन विचारावा आणि २,४०० ने गुणून पाहावा.

सुरुवातीला मोठी रक्कम भरून हप्ता कमी करून घेण्याचा सल्ला मिळतो. तो घाईने मानू नये. अपघातात किंवा चोरीत गाडी पूर्ण गेली तर आधी भरलेली ती रक्कम सहसा परत मिळत नाही. विम्याचे पैसे आणि कंपनीचे येणे यांतील फरक भरून काढणारे 'गॅप' संरक्षण करारात आहे की नाही तेही पाहावे. अनेक लीज कंपन्या राज्याच्या किमान मर्यादेपेक्षा मोठा विमा मागतात, त्यामुळे हप्त्यासोबत विम्याची किंमत आधीच विचारून घ्यावी. गाडी परत करताना लागणारे शुल्क, टायरची झीज, ओरखडे यांचे नियम, तसेच गाडी कॅनडात नेण्यास परवानगी आहे का, हेही वाचावे. नायगाराला जाणाऱ्यांना शेवटचा मुद्दा उपयोगी पडेल.

१०. आपल्या देशात

भारतात मोटार लीज आजवर मुख्यतः कंपन्यांमार्फत त्यांच्या अधिकाऱ्यांना मिळत आली. अलीकडे व्यक्तींसाठीही मासिक शुल्काच्या योजना आल्या. मारुती सुझुकीने २०२० मध्ये अशी योजना सुरू केली आणि पुणे हे तिच्या सुरुवातीच्या शहरांपैकी एक होते. सप्टेंबर २०२४ मध्ये एमजी कंपनीने विंडसर ही विजेवरची गाडी आणताना बॅटरीचे भाडे किलोमीटरला साडेतीन रुपये असे जाहीर केले. नाव वेगळे असले तरी येथेही आपण अंतर विकत घेत असतो. तेव्हा मैलांच्या जागी किलोमीटर लिहून वरील सर्व हिशेब येथेही करावा.

समारोप

लीज ही वाईट गोष्ट आहे असे आमचे म्हणणे नाही. ज्याचे अंतर ठरलेले आहे, नोकरी स्थिर आहे आणि ज्याला तीन वर्षे वॉरंटीतली गाडी बिनघोर वापरायची आहे, त्याला ती सोयीची ठरते. ती सोयीची राहावी म्हणून पुढील गोष्टी ध्यानात ठेवाव्यात :

(१) शोरूममध्ये जाण्यापूर्वी वर्षाचे मैल कागदावर मांडावेत, त्यात सहली व पाहुणे धरावेत.
(२) दोन वेगवेगळ्या मर्यादांचे हप्ते लेखी घ्यावेत आणि फरकाला दंडाच्या दराने भागून पाहावे.
(३) कराराची मुदत व्हिसा आणि नोकरीच्या खात्रीच्या मुदतीपेक्षा जास्त नसावी.
(४) मर्यादा, दंडाचा दर आणि सुरुवातीचा ओडोमीटरचा आकडा करारात स्वतः वाचावा.
(५) दरमहा आकडा लिहून ठेवावा, दर सहा महिन्यांनी मेळ पाहावा.
(६) मुदत संपण्यापूर्वी तीन महिने गाडीचा बाजारभाव तपासून परत करणे की विकत घेणे हे ठरवावे.

सभासदांना आमची एक विनंती आहे. आपला मुलगा किंवा मुलगी गाडी घेत असल्याचे फोनवर सांगेल, तेव्हा गाडीचा रंग विचाराच. त्याबरोबर 'वर्षाला किती मैल मिळाले आणि तुला किती लागतात?' हेही विचारा. त्याला या दोन आकड्यांचे उत्तर तत्काळ देता आले नाही, तर सही दोन दिवस पुढे ढकलायला सांगा. गाडी कोठे जात नाही, आणि तेवढ्या दोन दिवसांत हा हिशेब सहज होतो.